मोरीवर आकडा, गावात वावड्या

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना होता. पारनेर तालुक्यातल्या एका गावाच्या फाट्यावर ओढ्याची जुनी मोरी आहे. सकाळी डेअरीला दूध घालायला निघालेल्या पोरांना मोरीच्या कठड्यावर लाल रंगात काहीतरी लिहिलेले दिसले. वरती इंग्रजीत 'टी.बी.एम.' अशी अक्षरे, खाली '७१८.४६५' हा आकडा आणि शेजारी एक बाण. आदल्या दिवशी भर उन्हात दोघे-तिघे जीपमधून आले होते आणि तिपाईवर यंत्र ठेवून काहीबाही बघत होते, एवढे एका मेंढपाळाने सांगितले. त्यापलीकडे कोणाला काही ठाऊक नव्हते.

दुपारपर्यंत पारावर पंचायत बसली.

"७१८ म्हंजी गट नंबर. दुसरं काय आसणार?"

"अन् पुढचे ४६५?"

"ते फूट. तेवढी पट्टी जाणार."

"मंग टी.बी.एम.?"

"टोटल बांधकाम मोजणी!" बारावी झालेल्या एका पोराने छातीठोक सांगून टाकले आणि पारावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

गावात ७१८ नंबरचा गट खरोखरच होता आणि तोही रस्त्याला लागून. बोलाफुलाला गाठ पडली. गटाच्या मालकांना आपण अण्णा म्हणू. अण्णांनी त्या उन्हाळ्यात एक एकर डाळिंब लावायचे ठरवले होते. साडेचार बाय तीन मीटरवर आखणी करून तीनशे खड्डे घेतले होते, तळाला शेणखत पडले होते. रोपवाटिकेत भगव्याच्या कलमांसाठी आगाऊ रक्कम भरली होती. ठिबकवाल्याचा माणूस येऊन मापे घेऊन गेला होता. आणि संध्याकाळपर्यंत चार माणसांनी घरी येऊन सांगितले, "अण्णा, तुमचं रान गेलं."

माझीही चूक

मी कृषी खात्यात गावपातळीवर काम करतो. दुसऱ्या दिवशी अण्णा मला फाट्यावर गाठून म्हणाले, "साहेब, लावू का नको लावू?"

खरे तर मला टी.बी.एम. म्हणजे काय हे माहीत नव्हते. सरळ 'माहीत नाही, विचारून सांगतो' म्हणायला हवे होते. पण खात्याचा माणूस म्हटल्यावर काहीतरी उत्तर द्यावेसे वाटतेच. मी म्हणालो, "रुंदीकरण असेल बहुतेक. थोडं थांबा." झाले! 'कृषीचे साहेबसुद्धा थांबा म्हणाले,' ही बातमी माझी मोटारसायकल पुढच्या गावाला पोचायच्या आत वाडीवस्तीवर पोचली. अफवेवर सरकारी शिक्का बसला आणि तो मी मारला होता.

आठ दिवसांत जमीन घेणारा एक दलाल अण्णांच्या ओट्यावर येऊन बसला. "सरकारचा पैसा मिळेल तेव्हा मिळेल, आत्ता देतो ते घ्या," असे त्याचे म्हणणे होते. भाव अर्थातच पडेल होता. अण्णांची आई ऐंशीच्या घरातली. तिने आतूनच विचारले, "कोणी कागद आणलाय का? रंगाच्या ठिपक्यावर रान इकायचं व्हय रं?" दलाल उठून गेला. रान वाचले ते त्या माउलीमुळे. त्यात ना माझा हात, ना पारावरच्या शहाण्यांचा.

ऑगस्टमध्ये मी आणि अण्णा मिळून तालुक्याच्या बांधकाम उपविभागात गेलो. तिथल्या तरुण अभियंत्याने दोन मिनिटांत उलगडा केला. टी.बी.एम. म्हणजे तात्पुरते तलचिन्ह. मोरीची दुरुस्ती आणि रस्त्याचे मजबुतीकरण करायचे, तर उंचसखलपणा मोजावा लागतो. त्यासाठी एका पक्क्या, न हलणाऱ्या जागेची उंची ठरवून तिथे खूण करतात आणि बाकीची मापे तिच्यापासून घेतात. ७१८.४६५ म्हणजे समुद्राच्या सरासरी पातळीपासून त्या कठड्याची उंची, ७१८ मीटर आणि वर साडेशेचाळीस सेंटिमीटर. बाण त्या नेमक्या जागेकडे बोट दाखवत होता, अण्णांच्या रानाकडे नव्हे.

तोवर पावसाने खड्डे बुजले होते, कलमांची आगाऊ रक्कम गेली होती आणि रानात बाजरी उभी होती. एका आकड्यापायी लागवडीचे एक वर्ष गेले.

खूण करणारा निघून जातो

त्या दिवसापासून मी फिरतीवर असताना रस्त्याच्या कडेला काय लिहिले आहे, काय रंगवले आहे ते बघू लागलो आणि त्याबद्दल लोक काय बोलतात ते ऐकू लागलो. एक गोष्ट ध्यानात आली. खूण करणारा माणूस आपले काम उरकून निघून जातो. त्याला ती खूण आपल्या वहीपुरती हवी असते. पण ती राहते गावाच्या रस्त्यावर आणि तिचा अर्थ गावाला लावावा लागतो. कोणी सांगितले नाही, तर माणूस आपल्या काळजीचाच अर्थ लावतो. जमिनीची काळजी असलेल्याला त्यात भूसंपादन दिसते, घराची काळजी असलेल्याला पाडापाडी दिसते आणि कर्जात बुडालेल्याला गुप्तधन दिसते.

त्यात आपल्या जिल्ह्यातून महामार्गांची कामे कमी झालेली नाहीत. कोपरगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. तो नागपूरपासून शिर्डीपर्यंत डिसेंबर २०२२ मध्ये आणि मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण जून २०२५ मध्ये खुला झाला. सुरत-चेन्नई महामार्गाच्या आखणीने उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत कित्येक गावांची झोप उडवली. ज्यांच्या शेजारच्या गावात खरोखर मोजणी झाली, ते लोक रंगाच्या ठिपक्याला घाबरले तर त्यांना हसण्यात अर्थ नाही. अफवा वेडेपणातून उठत नाही. माहिती मिळाली नाही की तिची जागा अफवा घेते.

म्हणून रोज दिसणाऱ्या काही खुणांचा अर्थ इथे देतो.

दगडाचे रंग, रस्त्याचे नंबर

रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचे डोके पिवळे असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्य महामार्ग. जिल्हा मार्गाच्या दगडाला काळा किंवा निळा रंग असतो आणि ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला नारिंगी. हिरव्याचा पिवळा रंग झाला की लोक म्हणतात, "आता शंभर फूट घेणार." रस्त्याचा दर्जा बदलला म्हणून त्याच दिवशी कोणाची जमीन जात नाही. रुंदीकरण करायचे तर त्याची वेगळी प्रक्रिया आहे. ती पुढे सांगतो.

नंबरांचा घोळही असाच. पुणे-नाशिक रस्ता पूर्वी ५० नंबरचा होता, आता ६० आहे. कल्याणहून नगर, पाथर्डीमार्गे नांदेडकडे जाणारा २२२ होता, तो ६१ झाला. "नंबर नवा म्हंजी रस्ता नवा, दुसरीकडून जाणार," असे मी स्वतः ऐकले आहे. प्रत्यक्षात २०१० साली साऱ्या देशातल्या महामार्गांना नव्याने क्रमांक दिले गेले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना सम आकडे आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. तीन आकडी नंबर असेल तर तो फाटा समजावा. सिन्नर-शिर्डी-नगर-दौंड रस्त्याचा १६० म्हणजे ६० नंबरचा फाटा. रस्ता तोच आहे, फक्त पाटी बदलली.

जिल्ह्याचे नाव ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवींचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, १७२५ सालचा, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्यानंतर काही दिवस एका फलकावर जुने नाव आणि पुढच्या फलकावर नवे, असे चालले. एका आजोबांनी मला विचारले, "उताऱ्यावर जुनं नाव हाय, उतारा बाद झाला का?" बाद झालेला नाही. जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून जुना दस्त, जुना उतारा रद्द होत नाही. 'नवीन नावाचा उतारा करून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

झाडाचा पट्टा आणि बाणाचा दगड

रस्त्याकडेच्या वडा-लिंबाला गेरू-चुन्याचे पट्टे मारून वर नंबर टाकले, की 'झाडे तोडणार' ही बातमी ठरलेली. पट्टे मारतात ते रात्री गाडीवाल्याला झाड दिसावे आणि खोडाला वाळवी कमी लागावी म्हणून. नंबर असतो तो झाडांच्या मोजदादीचा. रुंदीकरणाआधीही झाडे मोजतात हे खरे, पण नुसता नंबर पडला म्हणजे कुऱ्हाड पडली असे नाही. डाळिंबाच्या खोडाला आपणही गेरूचा लेप देतो. तो काय झाड तोडायला देतो?

जुन्या पुलांवर, देवळाच्या पायरीवर, एखाद्या जुन्या बंगल्याच्या जोत्यावर दगडात कोरलेला बाण आणि त्यावर आडवी रेघ दिसते. शेजारी 'बी.एम.' किंवा 'जी.टी.एस.' अशी इंग्रजी अक्षरे असतात. आपल्या मोरीवरच्या लाल आकड्याचा हा पणजोबा समजा. इंग्रजांच्या काळात, १८०२ साली मद्रासकडून सुरू झालेल्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात साऱ्या देशाची मापे घेतली गेली. तेव्हापासून भारतीय सर्वेक्षण विभागाने अशा पक्क्या खुणा जागोजाग ठेवल्या. पण बाण म्हटला की 'बाणाच्या दिशेला हंडा' हे ठरलेले. अशा दगडाखाली रात्री खणणाऱ्याला सोने मिळत नाही. मिळते ते पुढच्या मोजणीची बिघडलेली खूण.

हीच गोष्ट बांधावरच्या हद्दीच्या दगडाची. नांगराला आडवा येतो, ट्रॅक्टरचा फाळ मोडतो म्हणून आपण तो उपटून फेकतो. मग भावकीत वाद झाला की मोजणीची फी भरून रांगेत उभे राहतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ प्रमाणे हद्दीच्या खुणा सांभाळणे हे जमीनधारकाचेच काम आहे आणि खूण मुद्दाम नष्ट करणाऱ्याला दंड आहे. परक्याच्या रंगाला आपण भितो आणि ज्या दगडावर आपला हक्क उभा आहे तोच फेकून देतो!

'रानात गॅस सापडला'

काही ठिकाणी रस्त्याकडेला आणि थेट शेतातूनही पिवळ्या-लाल रंगाचे खांब ओळीने उभे दिसतात. एका वस्तीवर मला सांगण्यात आले, "साहेब, आमच्या शिवारात पेट्रोल सापडलंय, खुणा रोवल्यात." खाली तेल नव्हते, वाहिनी होती. दुसरीकडून दुसरीकडे जाणारी.

हा विषय नीट समजून घ्यावा, कारण इथे अफवेपेक्षा खरी माहिती महत्त्वाची आहे. अशा वाहिनीसाठी १९६२ चा केंद्रीय कायदा लागतो. त्याप्रमाणे जमीन विकत घेतली जात नाही, फक्त वापराचा हक्क घेतला जातो. मालकी तुमचीच राहते, उतारा तुमच्याच नावाचा राहतो. पीक-पेऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई मिळते. शिवाय वापराच्या हक्कापोटी त्या पट्टीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. वाहिनी टाकून झाल्यावर त्यावर ज्वारी, कांदा, गहू खुशाल घ्या. मात्र त्या पट्ट्यात घर, विहीर, शेततळे, झाडे यांना मनाई आहे. म्हणून फळबाग किंवा शेततळ्याचा अर्ज करण्याआधी रानात असा खांब आहे का हे मला दाखवा. अर्ज मंजूर झाल्यावर कळले तर दोघांनाही त्रास.

चुन्याची रेघ आणि अनोळखी माणूस

गावठाणात घरांभोवती चुन्याच्या रेघा मारल्या तेव्हाही बोंब झाली होती. 'अतिक्रमण म्हणून पाडणार', 'घरपट्टी तिप्पट करणार', असे काय काय. त्या रेघा होत्या ड्रोनने गावठाण मोजण्यासाठी. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी हा प्रयोग आधी झाला आणि एप्रिल २०२० मध्ये देशभर स्वामित्व योजना सुरू झाली. वरून फोटो घेताना कोणाचे घर कुठे संपते हे दिसावे म्हणून चुना. त्यातून घराची सनद आणि मिळकत पत्रिका मिळते. काही लोकांनी भीतीपोटी रात्रीतून रेघा पुसल्या. ज्या रेघेने आपली जागा नकाशावर येणार होती, तीच पुसून बसले.

दारावरच्या खडूच्या खुणांचे तसेच. पोलिओच्या मोहिमेत डोस झालेल्या घरावर 'पी' आणि राहिलेल्या घरावर फुली मारतात. पण 'चोरांनी घरे हेरली' अशी आरोळी उठायला एक फुली पुरते.

इथे थोडे गंभीर बोलतो. खुणेचा संशय शेवटी खूण करणाऱ्या माणसावर जातो. तिपाई घेऊन उभी असलेली मोजणीची पोरे कुठल्या तरी लांबच्या गावची असतात. त्यांना आपली वाट माहीत नसते, आपल्याला त्यांचे नाव. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे पोरे पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेले लोक होते. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनच्या बातम्यांनी गावेच्या गावे काठ्या घेऊन जागत होती. साप म्हणून भुई धोपटली तर फार तर काठी मोडते, पण साप म्हणून माणूस धोपटला तर माणूस परत येत नाही. अनोळखी माणूस दिसला तर ओळखपत्र मागा, पोलीस पाटलांना बोलवा. हात उचलू नका.

बिबट्याचा फलक

संगमनेर, अकोले, राहुरी या ऊसपट्ट्यात 'बिबट्याप्रवण क्षेत्र, सावधान' असे वनखात्याचे फलक दिसतात. फलक लागला की बोलणे सुरू होते, "बघा, आधी बोर्ड लावला, आता बिबटे आणून सोडणार."

या बोलण्यात रतीभर खरेही आहे, म्हणून ते टिकले. २००१ ते २००३ या काळात शेजारच्या जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. त्याने हल्ले कमी न होता वाढले, हे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. पण आपल्या उसातला बिबट्या कोणी गाडीत घालून आणलेला नाही. अकोले परिसरात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतीच्या, माणसांनी भरलेल्या त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. त्यांचे मुख्य खाद्य पाळीव जनावरे आणि त्यातही सर्वांत जास्त कुत्री. म्हणजे तो इथलाच रहिवासी आहे. उसाचा आडोसा, पाटाचे पाणी आणि वस्तीवरची कुत्री यांवर त्याचे भागते.

आता यात तोटा कुठे होतो ते बघा. 'वनखात्याने सोडला, वनखात्यानेच न्यावा,' म्हणून माणूस स्वस्थ बसतो आणि शेळ्या उघड्यावर बांधतो. फलक सांगत असतो, की गोठा बंदिस्त करा, रात्री लेकरांना एकटे सोडू नका, उसाच्या कडेला वाकून काम करताना सोबत ठेवा. अफवेच्या नादात तेवढेच वाचायचे राहते.

आणि काही फलक तर अक्षर न् अक्षर पाळायचे असतात. नगरजवळच्या के.के. रेंजच्या हद्दीतले लष्कराचे फलक त्यातले. 'काही होत नाही' म्हणून आत जाऊन भंगार गोळा करणाऱ्यांचे, न फुटलेल्या दारूगोळ्याने जीव गेले आहेत. सगळ्या पाट्यांना भिऊ नका म्हणतो, पण ही पाटी दिसली तर मागे फिरा.

जमीन खरेच जाणार असेल तर

आता मुख्य मुद्दा. रंगाने जमीन जात नाही. ती कागदाने जाते आणि कागदाला पायऱ्या असतात.

राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ चा कायदा आहे. त्यात कलम ३-अ खाली आधी राजपत्रात अधिसूचना निघते. तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो आणि त्यातले एक स्थानिक भाषेतले हवे. म्हणजे असेच, तुम्ही आत्ता हातात धरले आहे तसले. राजपत्रात आल्यापासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेता येते. हे काम बहुधा प्रांताधिकाऱ्यांकडे असते. त्यानंतर कलम ३-ड ची घोषणा होते आणि तेव्हा जमीन केंद्र सरकारची होते. पहिल्या अधिसूचनेपासून वर्षभरात ही घोषणा निघाली नाही, तर पहिली अधिसूचना बाद होते. मोबदला ठरवतानाही जाहीर नोटीस देऊन तुमचा दावा मागवला जातो. दुसऱ्या कामासाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना निघाली असेल, तर हरकतीला ६० दिवस मिळतात.

यातली खरी गोम अशी की, खोट्या खुणेला आपण महिनाभर भितो आणि खरी नोटीस येते तेव्हा २१ दिवस वाचायची राहते. चावडीवर कागद लावलेला असतो, वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत गट नंबर असतात आणि आपण पारावर टी.बी.एम. चा अर्थ लावत बसतो. भ्यायचेच असेल तर नोटिशीच्या तारखेला भ्या.

गावाने काय करावे

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी, पोलीस पाटील आणि आम्ही खात्याची माणसे, सगळ्यांना उद्देशून चार गोष्टी सुचवतो.

एक, शिवारात मोजणीची माणसे आली की त्यांना अडवू नका, पण विचारल्याशिवाय जाऊही देऊ नका. कोणत्या कार्यालयाचे काम, कशासाठी, कोणाच्या पत्राने, एवढे ग्रामपंचायतीत नोंदवून घ्या. पत्राची प्रत ठेवा.

दोन, ही नोंद त्याच दिवशी फलकावर चार ओळींत लिहा आणि जमल्यास दवंडी द्या. "मोरीच्या दुरुस्तीसाठी उंची मोजली, जमिनीशी संबंध नाही," एवढी एक ओळ त्या उन्हाळ्यात फलकावर असती, तर अण्णांचे वर्ष वाचले असते.

तीन, कोणी सांगत नसेल तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच. साध्या कागदावर अर्ज करा, सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. तोवर इसार नको, विक्री नको आणि मोबदल्याच्या आशेने उसनवारी करून घाईची लागवडही नको.

चार, हे मी स्वतःला आधी सांगतो. आपल्याला माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणावे. गावात आपल्या तोंडचा शब्द सरकारचा शब्द म्हणून फिरतो. आपले 'बहुतेक' गावात पोचेपर्यंत 'नक्की' झालेले असते.

अण्णांनी पुढच्या वर्षी डाळिंब लावले. तीनशे खड्डे पुन्हा घ्यावे लागले. कलमे आता कमरेएवढी झाली आहेत. मोरीचा कठडाही नवा झाला आणि तो लाल आकडा मातीत गेला.

मध्यंतरी अण्णांनी आपल्या बांधावरचा हद्दीचा दगड शोधून काढला, सरळ रोवला आणि लांबून दिसावा म्हणून त्याला चुना लावला. मी रानात गेलो तेव्हा हसत हसत सांगत होते, "चुना वाळायच्या आत शेजारी आला की पळत. म्हणला, अण्णा, परत कशाची मोजणी?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हणलं, बस, पाणी पी. माझाच दगड हाय, मीच रंगवलाय. अन् तू इचारायला आलास हे लई बरं केलंस."